बेटाची मागली बाजू

ढोकरवाडीत एप्रिल सरता सरता कावीळ शिरली. आधी एका घरात, मग त्याच आळीत, मग थेट वरच्या वस्तीवर. लोकांनी काविळीच्या माळा बांधल्या, उसाचा रस पाजला, कुणी राहुरीला जाऊन सलाइन लावून आले. उन्हाळा म्हटलं की असं काहीतरी व्हायचंच, असं धरून गाव चाललं होतं. पण बोटवाल्या मच्छिंद्रची नववीतली पोरगी संस्कृती हिचे डोळे हळदीसारखे झाले, पोटात पाणी ठरेना आणि तिला उचलून नगरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. त्या दिवसापासून सुकन्या भालेरावच्या मनात एक किडा वळवळायला लागला.

सुकन्या धरणाच्या काठावरच्या 'पाणकळा' हॉटेलात कामाला होती. कामाला म्हणजे नुसती कामाला नव्हे. राधाकृष्ण शेळक्याने पत्र्याच्या शेडखाली मासळीची थाळी विकायला सुरुवात केली, तेव्हा भाकऱ्या थापायला पहिली तीच आली होती. त्याआधी ती नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या कँटीनला होती. नवरा कल्याण अजूनही तिकडेच टेम्पोवर होता, रविवारी घरी यायचा. पुढे शेडचं हॉटेल झालं, खोल्या झाल्या आणि स्वयंपाकघरापासून चादरी-उशांपर्यंत सगळा कारभार सुकन्याच्या हाती आला.

धरण व्हायच्या आधी तिथे म्हसोबाची टेकडी होती. पाणी भरलं, खालचं सगळं बुडालं, टेकडीचा माथा तेवढा बेट होऊन राहिला. राधाकृष्णला त्या बेटाचं वेड लागलं. त्याने तिथे तंबू ठोकले, पण सुरुवातीला फार जपून. बेटावर प्लॅस्टिकची बाटली न्यायची नाही, प्यायला माठ. जनरेटर नाही, उन्हावर चालणारे कंदील. संडासही कोरडे, वापरून झालं की वरून राख आणि लाकडाचा भुसा टाकायचा. भांड्यांचं पाणी केळींना, आणि उरलंसुरलं, अगदी लिंबाची सालसुद्धा, बोटीतून परत काठावर. पुण्याचे लोक याच साधेपणासाठी यायचे. सुकन्याला त्याचा अभिमान होता. नवीन पाहुणे आले की राखेचा डबा कशासाठी, हे ती स्वतः सांगायची. लाजत नसे.

पण पाहुणे वाढले तसे नाकं मुरडणारेही वाढले. राख टाकायची म्हणजे काय, आम्ही पैसे देतो ना, असं विचारू लागले. दोन वर्षांपूर्वी राधाकृष्णने हात टेकले. बेटावर पाण्याचे पांढरेशुभ्र संडास बांधले आणि त्यांच्यासाठी टाकी खणली. तंबूंसमोर सूर्यास्ताची बाजू होती, म्हणून टाकी मागल्या अंगाला गेली, पाहुण्यांच्या डोळ्याआड. ते बेटाचं मागलं अंग म्हणजे गावाचं पुढलं. समोरच्याच काठावर ढोकरवाडीची जॅकवेल होती, जिथून सगळ्या गावाला नळाचं पाणी जायचं.

तेव्हा सुकन्याने एकदा विचारलं होतं, ह्या टाकीतलं पाणी जाणार कुठं? राधाकृष्ण म्हणाला होता, जमिनीत जिरेल. धरण भरलेलं होतं, मधे पाणीच पाणी होतं. तिलाही वाटलं, जिरेल.

यंदा मात्र धरण लवकर खाली गेलं. बेट आणि गाव यांच्यामधला फाटा आटून आटून नुसता हिरवट डोह उरला आणि गाव त्याच डोहातून पाणी ओढायला लागलं.

गावाची मोटर जालिंदर चालवायचा. पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायचं कामही त्याचंच. सुकन्या त्याच्याकडे गेली आणि मनातलं बोलली. जालिंदर आधी घाबरला, मग म्हणाला की खात्री करायची एक साधी रीत आहे. रंगपंचमीचा पक्का गुलाबी रंग संडासात ओतायचा, भरपूर पाणी सोडायचं आणि वाट बघायची. टाकी धड असेल तर रंग आत राहील. नसेल तर कुठेतरी तोंड काढील.

गुरुवारी बेट रिकामं होतं. दोघं मासेमाराच्या होडीतून गेले, सगळ्या संडासांत रंग ओतला, बादल्यांवर बादल्या पाणी सोडलं. संध्याकाळपर्यंत काही दिसलं नाही. घरी येताना सुकन्याला हलकं वाटत होतं. आपणच वेड्यासारखं मनात घेतलं, असं म्हणत ती निवांत जेवली.

शुक्रवारी उजाडताच दोघं जॅकवेलवरून खाली उतरले आणि होडीने डोह ओलांडून पलीकडे गेले. टाकीखालच्या उतारावर, मुरमाच्या भेगेतून, ओल्या चिखलावर एक गुलाबी ओघळ उतरला होता. फार मोठा नव्हता. मनगटाएवढ्या रुंदीचा. पण तो थेट डोहात जात होता आणि पाण्याला भिडला तिथे हिरव्यावर गुलाबी मेण पसरावं तशी झाक आली होती. जालिंदर "आयला" म्हणून खालीच बसला. सुकन्याने मोबाईलवर फोटो काढले. 

राधाकृष्ण तेव्हा हॉटेलच्या ओट्यावर फोनवर होता. शनिवार, रविवार आणि सोमवारी बुद्धपौर्णिमेची सुट्टी. बेटावरचा एकूण एक तंबू बुक झाला होता, वर आणखी तंबू भाड्याने आणले होते. त्याने फोटो पाहिले. एकदा, मग बोटांनी मोठा करून पुन्हा. त्याचा चेहरा उतरलेला तिने पाहिला आणि तिला बरं वाटलं, कारण तिला वाटलं, आता हा थांबवेल.

"सोमवार जाऊ द्या, ताई," तो म्हणाला. "मंगळवारी टाकी उपसतो. पायजे तर फोडून टाकतो. तुमची शपथ."

"आन तवर गाव काय पिनार, भाऊ?"

"जालिंदरला पावडर वाढवाय सांगतो. तीन दिवसांचा तर प्रश्न हाय." तो जवळ आला, आवाज खाली आणला. "लोकांनी आगाऊ पैसे भरल्यात. ह्या सुट्टीवर मी वरीस काढतो, तुमाला ठाव हाय. तुमी फक्त कुनाला बोलू नका."

तो वाईट माणूस नव्हता. सुकन्याच्या सासऱ्यांच्या दुखण्यात रात्री-अपरात्री गाडी काढणारा होता. म्हणूनच ती आत गेली आणि पाहुण्यांच्या चादरींच्या घड्या घालत बसली. घडी मोडायची, पुन्हा घालायची. संध्याकाळी तिने कल्याणला फोन केला. गप्प बस असं तो म्हणाला नाही. बोलायचं तर एकटी बोलू नको, एवढंच म्हणाला. पण बरोबर कोण येणार? गावातली तीसेक घरं त्या हॉटेलावर चालत होती. कुणी बोटीवर, कुणी बागेत, कुणी तंबूंवर. कुणाच्या तोंडचा घास काढायला ती निघाली होती, हे तिला पुरतं कळत होतं.

शनिवारी दुपारनंतर गाड्या लागल्या. धक्क्यावर लाइफ जॅकेट चढवलेल्या पाहुण्यांची रांग झाली. मच्छिंद्र बायकोला पोरीपाशी ठेवून नगरहून आला होता. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. तो बोटीच्या इंजिनात डिझेल भरत होता, तेव्हा सुकन्या धक्क्यावर आली. काय बोलायचं ते तिने शंभरदा मनात घोळवलं होतं, पण तोंडून निघालं ते अगदी साधं.

"बेटावरचे संडास बंद ठेवायला हवेत," ती पाहुण्यांना म्हणाली. "त्याची टाकी फुटली आहे. घाण गावाच्या पिण्याच्या पाण्यात जाते आहे. गावात कावीळ आहे. तुम्ही काठावर राहा, आम्ही इथे तुमची सोय करू."

 एका बाईने राधाकृष्णला विचारलं, हे खरं आहे का? तो सुकन्याकडे बघत होता. 

"किरकोळ दुरुस्तीचं काम आहे मॅडम," तो म्हणाला. "काही काळजी करू नका." आणि तिच्याकडे न बघता, तेवढ्याच सौम्य आवाजात, "सुकन्याताई, तुमी घरी जा. उद्यापासून येऊ नका."

मच्छिंद्र बोटीतून वर चढून आला. तो मारतो की काय, असं तिला वाटलं.

"पोरगी माझी तिथं पडलीय, तुझी न्हाई," तो म्हणाला. "डाक्टर रोज नवी चिठ्ठी देतो. ही बोट बंद पडली तर मी काय करू, सांग. टाकी फुटली म्हनं. सारा गाव बुडवतीस का?"

"संस्कृती ह्याच पान्यानं पडली, मच्छिंद्रभाऊ."

त्याला ते ऐकायचं नव्हतं. मागे उभ्या असलेल्या तंबूवाल्यांपैकी कुणीतरी, पाहुण्यांना ऐकू जाणार नाही पण तिला जाईल अशा बेताने म्हणालं, "आता ही सांगनार व्हय आपल्याला, पानी बाटलं म्हनून." एकदोघं हसले.  सुकन्याने मान वळवली नाही. दोन कुटुंबं सामान घेऊन गाड्यांकडे परत फिरली. बाकीचे बोटीत बसले. इंजिन सुरू झालं आणि बोट बेटाकडे निघाली.

ती घरी गेली नाही. चालत जॅकवेलवर आली. जालिंदर पंपाच्या खोलीबाहेर बसला होता. उद्या पाणी सोडायचा दिवस होता, गावची टाकी भरायला मोटर लावायची होती.

"मोटर लावू नकोस," ती म्हणाली.

 जालिंदरने आपल्या परीने वाट काढली. मोटर जळाली म्हणून सांगू, म्हणाला. कुणाला काही कळणार नाही, नोकरीवरही गदा येणार नाही. सुकन्याने नको म्हटलं. मोटर जळाली म्हटलं तर उद्या दुपारपर्यंत दुसरी मोटर आणून बसवतील आणि हेच पाणी पुन्हा नळाला येईल. सांगायचं तर खरंच सांगायला हवं. जालिंदरने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग उठून खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "इचारलं तर मी सांगतो, मीच बंद केली," म्हणाला. "तू सांगितलं म्हननार न्हाई."

"म्हन. मी सांगितलं म्हन."

रविवारी नळ आले नाहीत. मे महिन्यातलं गाव, घराघरांत तळाला गेलेले रांजण. बायका जालिंदरच्या दारात जमल्या. त्याने घाबरत घाबरत, पण सगळं सांगितलं. गुलाबी रंगाचे फोटो एका मोबाईलवरून दुसऱ्यावर गेले. कुणी त्याला शिव्या घातल्या, कुणी सुकन्याला. सरपंचाने टँकरसाठी फोन केला, तर सुट्टी, मंगळवारशिवाय टँकर नाही असं उत्तर आलं. मग कुणीतरी म्हणालं, हॉटेलाला स्वतःची बोअर आहे.

बायका निघाल्या. हंडे, कळश्या, प्लॅस्टिकचे कॅन. सुकन्या आपल्या दारातून बघत होती. ह्या तिच्याकडे येताहेत की हॉटेलाकडे, हे तिला आधी कळेना. त्या तिच्या दारावरून पुढे गेल्या. तेव्हा तीही कळशी घेऊन मागोमाग निघाली.

हॉटेलच्या फाटकावर वॉचमनने आतून कडी घातली. बायका बाहेर, आत नाश्ता करणारे पाहुणे बशा हातात धरून बघताहेत, आणि बेटावरून मच्छिंद्रची बोट दुसऱ्या फेरीला येतेय. ऊन वाढत होतं. एकीने फाटकावर हंडा आपटला. मग सगळ्याच आपटायला लागल्या. राधाकृष्ण फाटकाशी आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. संध्याकाळी देतो, पाहुणे गेले की देतो, असं काहीतरी तो बोलत होता, पण ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

गर्दीतून एक वाकलेली म्हातारी पुढे आली आणि आवाज बंद झाला. ती राधाकृष्णची आई होती, बनुबाई. ती हॉटेलावर कधी राहिली नाही. गावातल्या घरीच असायची आणि नळाचंच पाणी प्यायची.

"राधा," ती म्हणाली, "तुझ्या पाहुन्याच्या बाथरूमाला पानी हाय न्हवं?"

त्याने मागे वळून पाहुण्यांकडे पाहिलं.

"मग मला एक कळशी दे. देत नसशील तर तसं सांग, मी त्या डोहातलं पिते."

राधाकृष्णने वॉचमनकडे बघून मान हलवली. कडी निघाली.

बागेच्या नळाला लांब पाइप होता, पण तो कुणी धरायचा? हॉटेलचे कामगार पाहुण्यांसमोर अवघडून उभे राहिले. सुकन्याने आपली कळशी खाली ठेवली आणि पाइप उचलला. आधी बनुबाईची भरली. मग एकेक हंडा पुढे येऊ लागला. मधेच रंगुबाईचा हंडा आला. रंगुबाई गावातली जुनी, तालेवार घरची. तिने हंडा पुढे केला आणि हात तसाच काठावर राहिला. सुकन्याची आजी जुन्या गावात विहिरीच्या पायऱ्यांखाली बसून राहायची. वरून कुणी ओंजळीत, कुणी घागरीत पाणी ओतेपर्यंत वाट बघायची. ओतणाऱ्या हातांतले काही हात रंगुबाईच्या सासूचे होते. दोघींनाही ते ठाऊक होतं. रंगुबाईने हात काढून घेतला. हंडा भरला.

"सरका फुडं," सुकन्या म्हणाली.

रांग संपली तेव्हा तिचा खांदा भरून आला होता आणि पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. राधाकृष्ण कधीपासून शेजारी उभा होता, तिला कळलं नव्हतं.

"कुठं दिसला रंग?" त्याने विचारलं.

ती त्याला होडीतून घेऊन गेली. तो चिखलात उतरला, ओघळापाशी बसला. रंग आता फिकट झाला होता, पण वास होता. बेटावर शंभराच्या वर माणूस उतरलेला, टाकीवर भार आलेला. ओघळ परवापेक्षा रुंद झाला होता. त्याने बोट बुडवून पाहिलं आणि लगेच मागे घेतलं. वरून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता.  तो उठून वर तंबूंकडे गेला. सुकन्या होडीतच थांबली.

दुपारपासून संध्याकाळपर्यंत मच्छिंद्रने फेऱ्या मारून बेट रिकामं केलं. वारा सुटला होता, पश्चिमेला ढग काळवंडत होते आणि लाटांवर बोट आपटत होती. पाहुणे चिडले होते, कुणी पैसे परत मागत होतं, कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं. एका फेरीला तर बोट धक्क्याला लागताना एक म्हातारे गृहस्थ पाय घसरून पाण्यात पडता पडता वाचले. मच्छिंद्रने त्यांना दंडाला धरून वर ओढलं. सुकन्या दोरी धरून उभी होती. तो तिच्याकडे बघत नव्हता आणि तिच्या हातातून दोरी घेतानाही त्याने बघितलं नाही. शेवटची फेरी आली आणि पावसाचे थेंब पडायला लागले.

पुढचं सगळं लवकर आणि गैरसोयीचं झालं. आरोग्य खात्याची माणसं आली, नमुने नेले, पाणी पिण्यालायक नाही असा निकाल आला. टाकी उपसून फोडली, खड्डा बुजवला. तरी कावीळ जूनपर्यंत गावात रेंगाळली, कारण ती आधीच पोटात गेलेली होती. 'पाणकळा'ला कुलूप लागलं. व्हिडिओ फिरला, लोकांनी नावं ठेवली. राखेच्या संडासांचं जुनं कौतुक कुणाला आठवलं नाही. तीस घरांचं काम गेलं. त्यातली काही घरं सुकन्याशी बोलेनाशी झाली. किराण्याच्या दुकानात ती गेली की बोलणं थांबायचं. ती कांद्याच्या चाळीवर निवडायला जाऊ लागली. तिथे दोनतीन बायका तिच्याशेजारी बसत, बाकीच्या जरा सरकून. कल्याण म्हणाला, चल नगरला, खोली घेऊ. ती जायला तयारही झाली होती. का थांबली ते तिला सांगता येत नाही.

संस्कृती घरी आली, काटकी होऊन. मच्छिंद्र बोट काठावर उपडी घालून नागापूरला एका वर्कशॉपात कामाला लागला.

राधाकृष्ण दिवाळीनंतर सुकन्याच्या घरी आला. चहा घेतला. हॉटेल पुन्हा उघडायचं म्हणाला, आणि तुम्ही या. तिने लगेच हो म्हटलं नाही. बेटावर रात्री कुणी राहायचं नाही, म्हणाली. संडास काठावरच, आणि बेटावर जाईल तो माणूस अंधार पडायच्या आत परत. राधाकृष्ण म्हणाला, मग लोक कशाला येतील? ती म्हणाली, ते मला माहीत नाही. तो उठून गेला. पुढच्या आठवड्यात परत आला आणि म्हणाला, बरं.

आता 'पाणकळा' पूर्वीच्या निम्मंही नाही. खोल्यांचं सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यांतून गाळून बागेला जातं. बेटावर होडी वल्हवून जायचं, मोजकी माणसं. म्हसोबाला नारळ ठेवायचा, पाखरं बघायची आणि परत यायचं. काही पाहुणे ऐकून फोन ठेवून देतात. काही येतात. राधाकृष्ण अधूनमधून कुरकुरतो. महिना भागतो की नाही याचा घोर त्याच्या तोंडावर दिसतो, आणि तो दिसला की सुकन्याचाही जीव खालीवर होतो. तरी नियमावरून तिने अजून माघार घेतलेली नाही.

थंडीत एका सकाळी ती कर्दळीच्या वाफ्यात गाळ काढत होती. फाटकाशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. मच्छिंद्र होता. वर्कशॉपातलं काम सुटलं होतं की सोडलं होतं, ते त्याने सांगितलं नाही. त्या धक्क्यावरच्या दिवसाबद्दलही काही बोलला नाही. 

"होडी कोन चालवतं?" त्याने विचारलं.

"मीच. वारं असलं की जमत न्हाई."

"एकटी जात जाऊ नको," तो म्हणाला, आणि चप्पल फाटकापाशी काढून धक्क्याकडे उतरला.